भरल्या गव्हाणीपुढचा दुष्काळ

माझ्या आईला माया करायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे खायला घालणं. कुणी रडत आलं तर ती डोळे पुसायच्या आधी ताट वाढायची. शाळेत नंबर आला तरी ताट, नापास झालं तरी ताट. 'खा की' हे दोन शब्द तिच्या तोंडी इतके बसले होते की आमच्या गावचा पोस्टमन आमच्या दारात कधी सायकलवरून उतरायचा नाही. उतरला की भाकरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही, हे त्याला माहीत होतं. मी हे कौतुकानं सांगते आहे असं वाटेल. थोडं कौतुक आहेच. पण त्या 'खा की'चा मला लहानपणापासून धाकही होता, आणि त्या धाकापायी एका वर्षी मी जे केलं ते तोंडानं सांगायला मला पुढं पस्तीस वर्षं लागली.

आमचं गाव मंद्रूपपासून दीड कोसावर. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, बांधाला करडई. मला सोलापुरात दिली होती. नवरा एका गिरणीच्या कचेरीत कारकून, दोन खोल्यांचं घर, सासूबाई मोजक्या बोलणाऱ्या आणि मोजकं वाढणाऱ्या. खरं सांगायचं तर ते मोजकं वाढणं मला फार मानवलं होतं. सातव्या महिन्यात मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले तेव्हा अंगानं चांगली भरले होते. एसटीतून उतरले तर आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलीस की गं पार."

घरात पाऊल टाकायच्या आधी तिनं मला परसात गोठ्याकडं नेलं. तिथं तिची गाय उभी होती. संकरित गाय, आमच्याकडं सगळ्याच अशा गायींना जर्सी म्हणत. तांबूस रंगाची, पाठीला वशिंड नाही, डोळे मोठे. मामांनी एका भाऊबीजेला ओवाळणीत ही कालवड आईला दिली होती. साड्या काय सगळेच भाऊ देतात, माझ्या भावानं गाय दिली, हे आई पुढं कितीतरी वर्षं ऐकवायची. गायीला तिनं नाव ठेवलं नव्हतं, नुसतं 'बाय' म्हणायची. मलाही ती बायच म्हणायची. त्यामुळं "बाय, खाल्लंस का?" असा पुकारा झाला की स्वयंपाकघरातून मी आणि गोठ्यातून ती अशा दोघी मान वर करायचो.

"हीबी तुज्यासारखीच हाय," आई गायीच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली. "दोगी एकदमच मोकळ्या व्हनार बग. माजं काय, हिला घालायचं आन् तुला घालायचं."

आणि तिनं घातलं.

आता ती अशी का होती हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाई अडाणी होती. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी मिळणाऱ्या सुकडीतली मूठभर पदराला बांधून आणायची, आणि त्यातली अर्धी मला, अर्धी गोठ्यातल्या खिलार गायीला. शेवटी चारा संपला तेव्हा गाय जनावरांच्या छावणीत नेऊन बांधली. तिथं ओळीनं जनावरं उभी असायची, आणि उभी होती तोवरच ती जनावरं. एकदा खाली बसलं की उठायचं नाही. आई रोज काम सुटल्यावर तीन मैल चालत तिला बघायला जायची. मी एकदाच बरोबर गेले. गायीच्या बरगड्या लांबूनसुद्धा मोजता येत होत्या आणि मी त्या खरंच मोजल्या. आईनं मला त्या माळावर थोबाडीत मारली. तिनं मला मारल्याची तेवढी एकच आठवण आहे. पुढच्या आठवड्यात गाय बसली ती बसलीच. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली की माझ्या दाराला पुन्हा कधी बरगडी दिसू द्यायची नाही, माणसाची नाही की जनावराची नाही.

त्यामुळं मामांची कालवड आली तेव्हा आईच्या हातात जणू तिचा शब्द पाळायचं साधनच आलं. पहिल्या वेताला गाय चांगली निघाली. चार घरांना दूध जाऊन आमच्या चुलीवर खवा आटायचा. मग मात्र तिला पुन्हा गाभ राहीना. दोनदा-तीनदा दवाखान्यात नेऊन आणली. राहिला तेव्हा दूध आटत आलं होतं. म्हणजे एरवी गाय व्यायच्या आधी दोनएक महिने भाकड असते, ही सहा-सात महिने नुसती उभी होती. दूध द्यायचं नाही, नांगराला जायचं नाही, रानात चरायचं नाही. काम एकच, खाणं. आई मात्र दुभत्या गायीला घालतात तसं आंबोण दोन्ही वेळा भरून द्यायची. ज्वारीचा भरडा, सरकी, शेंगापेंड, वर गूळ. शिवाय कडबा आणि मक्याची वैरण वेगळी. माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळले की त्यातला एक तिच्या गव्हाणीत. माझं डोहाळजेवण झालं त्या दिवशी आईनं गायीचीही ओटी भरली, शिंगांना हिरवा खण बांधला आणि पुरणाच्या पोळ्या चारल्या. बायका हसल्या, पण मनातून त्यांना ते आवडलं होतं. गायीच्या पाठीवरून हात फिरवून त्या म्हणायच्या, "हाडच लागंना की गं हाताला." आईला याहून मोठं बक्षीस नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, फार बोलत नसत. ते एकदा म्हणाले, "आगं, गाय हाय का हत्ती?" त्यावर आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, म्हणजे तोंड बंद राहील.

गाय व्यायला दीड महिना असेल तेव्हा जनावरांचे डॉक्टर लस टोचायला गावात आले. कोवळे होते, मराठवाड्याकडचे, सायकलच्या कॅरियरला औषधांची पेटी बांधलेली. आमच्या गायीपाशी ते थांबले. लस टोचायची सोडून त्यांनी तिच्या बरगडीवर हात ठेवला, मग दाबून पाहिला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पाहिला.

"मावशी, हिची बरगडी कुठं गेली?"

"हाय की आत. कुटं जातीया?" आई म्हणाली.

ते हसले नाहीत. म्हणाले, "बरगडी डोळ्याला दिसू नये हे खरं. पण हाताला लागली पाहिजे. हिची लागत नाही. आंबोण निम्म्यावर आणा. एकदम उपाशी ठेवू नका, कडबा खाऊ दे पोटभर. पण ही पेंड, हा गूळ बंद करा. असं लठ्ठ जनावर व्यायल्यावर जड जातं."

आईचा पारा चढला. "डाक्टर, तुमी दुष्काळात कुटं हुता?"

"शाळेत होतो," ते म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या."

जाता जाता डॉक्टर माझ्यापाशी थांबले. मी मॅट्रिक झालेली आहे हे आईनं त्यांना चहा पिताना सांगितलेलं होतं, ती ते सगळ्यांनाच सांगायची. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "तेवढं लक्ष ठेवा." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

आईचं एक होतं. ती तोंडानं कुणाचं ऐकायची नाही, पण हातानं ऐकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर आंबोणाचं घमेलं निम्मं भरलेलं. मला पाहून तिनं पाठ फिरवली. घरात कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की सरकी संपलीय.

पण गाईचं निम्मं झालं तसं माझं दुप्पट झालं. तिकडं आवरलेला हात इकडं सुटला. सकाळी दोन लाडू, वर तुपाची वाटी, दुपारी हळिवाची खीर, संध्याकाळी पुन्हा लाडू. समोर बसून राहायची. "खा की. दोन जिवांचं हाय." मला जात नसे. घशाशी यायचं. सासूबाईंच्या मोजक्या ताटाची मला अगदी मनापासून आठवण यायची. 'नको' म्हणून पाहिलं तर आईच्या तोंडावर जे यायचं ते मला छावणीच्या माळापासून ओळखीचं होतं. त्या तोंडापुढं नको म्हणवत नसे. मग मी एक युक्ती काढली. ताट उचलून "परसात बसून खाते, इथं गुदमरतंय" म्हणायचं आणि गोठ्यात जायचं.

तिथं गाय माझी वाटच बघत असायची. निम्म्या आंबोणावर आल्यापासून तिला हाव सुटली होती. मला पाहिलं की दाव्याला हिसका देऊन हंबरायची. मी एक लाडू तिला द्यायची, मग दुसरा, मग खीर, मग तुपातली भाकरी. तिची खरखरीत जीभ माझं ताट घासल्यासारखं स्वच्छ करायची. आई रिकामं ताट पाहून खूश व्हायची. मी सुटले म्हणून खूश, गाय खाल्लं म्हणून खूश. एवढ्या तिघी खूश असताना ते डॉक्टरांचं बोलणं कोण आठवतो? खोटं कशाला बोलू, मला ते आठवायचं. रोज आठवायचं. पण एवढ्यानं काय होतंय, असं मी रोज म्हणायची, आणि हे दीड महिना चाललं.

गाय सोमवारी व्यायली, मी शुक्रवारी. तिला कालवड झाली, मला मुलगी झाली. आई नुसती नाचायची बाकी होती. मी मागच्या खोलीत बाजेवर, आणि खोलीच्या भिंतीपलीकडं गोठा. खिडकी नावाला. त्यामुळं पुढचं बरंचसं मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

पहिले चार-पाच दिवस दुधाच्या धारेचा आवाज भिंतीतून येत राहायचा, संपायचाच नाही. आई घागर बदलायची. मग एका सकाळी तिचा आवाज ऐकला, "का गं बाय? खा की." मला वाटलं मलाच म्हणते आहे. मी हातातली वाटी तोंडाला लावली. पण ती गायीशी बोलत होती. गायीनं आंबोण टाकलं होतं. कडबा तेवढा चघळत होती, पण पेंडीला, गुळाला तोंड लावेना. जी माझ्या ताटासाठी दावं तोडायला निघायची, तिनं लाडवाकडं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी कडबाही सोडला. दूध मात्र येतच होतं.

आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मिरच्यांचा ठसका माझ्या खोलीत येऊन बाळ खोकायला लागलं. शेजारचे एक म्हातारे बाबा येऊन म्हणाले की तापल्या सळईचा डाग द्या, पोटाला डाग दिला की जनावर खातं. आबांनी तेवढं होऊ दिलं नाही, ते सायकल काढून डॉक्टरांना आणायला गेले.

डॉक्टर आले ते सरळ गायीच्या तोंडाशी गेले. तिचा श्वास त्यांनी हुंगला आणि आबांनाही हुंगायला लावला. आबा म्हणाले, "नासल्या पेरूवानी गोड येतोय." तो वास मग मलाही यायला लागला, म्हणजे वारा गोठ्याकडून आला की भिंतीवरून यायचा. पुढं कितीतरी वर्षं पेरूच्या पाटीजवळून जाताना मी पदर नाकाला लावायची.

आढ्याला बाटली टांगून ते गायीच्या शिरेतून साखरेचं पाणी सोडायचे. रोज यायचे, सहा मैल सायकल मारून. एक दिवस गायीनं चार काड्या चघळल्या तर आईनं मला खिडकीतून ओरडून सांगितलं. त्या दिवशी मी देवाला नारळ बोलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी बाजेवरून विचारलं, "डॉक्टर, तिला झालंय काय?" खिडकीच्या पलीकडून त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं येतं.

ते म्हणाले, "ताई, गाय व्यायली की दूध एकदम सुटतं. तेवढ्या दुधाला पुरेल एवढं तिला लगेच खाता येत नाही, आणि लठ्ठ गाय तर आणखीच कमी खाते. मग ती अंगावरची चरबी काढून खर्चाला लावते. ती चरबी जाते काळजात, म्हणजे यकृतात. काळीज म्हणजे चूल समजा. चुलीत दोन लाकडं घातली तर जाळ होतो. अख्खी मोळी कोंबली तर?"

"धूर होतो," मी म्हणाले.

"तो गोड वास म्हणजे तो धूर. आणि जी मोळी जळत नाही ती तिथंच साठते. काळीज चरबीनं भरून जातं. मग त्याच्यानं दुसरं काहीच काम होत नाही."

मग त्यांनी विचारलं, "आंबोण कमी केलं होतं ना?"

"केलं हुतं की," आईचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "तुमी सांगितल्यापासनं निम्मंच घालत हुते. शपत घेते."

डॉक्टर बाटलीकडं वळले. त्यांना ते खरं वाटलं नसणार, गाय समोर होती. भिंतीच्या या बाजूला मी मुलीला छातीशी धरून बसले होते. तेव्हाच तोंड उघडायचं होतं. 'आई खरं बोलते आहे डॉक्टर, वरचं मी घालत होते.' एवढं एक वाक्य होतं. मी ते बोलले नाही. मला भीती वाटली, लाज वाटली, आणि गाय उठली तर सांगायची गरजच पडणार नाही अशी आशाही वाटली.

गाय उठली नाही. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी, उन्हं गोठ्यात आली तेव्हा तिनं मान टाकली.

डॉक्टर म्हणाले की मला हिला उघडून बघायचंय. मी हे पुस्तकात वाचलंय, हातानं कधी पाहिलेलं नाही, पुढच्या गायीला उपयोग होईल. आबांनी हो म्हटलं. आईनं मात्र एक अट घातली, 'आत काय निघंल ते मला दावायचं.' त्यांनी तिला पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. रानाच्या कडेला त्यांनी ते काम केलं आणि घंटाभरानं डॉक्टर एका पाटीत काळजाचा तुकडा घेऊन परसात आले. मी कानाला फडकं बांधून मागच्या दाराच्या चौकटीत उभी राहिले. बाळंतिणीनं असं बघू नये म्हणून मला कुणी आत ढकललं नाही, कारण माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

बकऱ्याचं काळीज आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलेलं. गडद, लालकाळं, कडेला धारदार. हे पिवळं होतं. हळद घातलेल्या भातासारखं पिवळं, कडा फुगून गोल झालेल्या, आणि बोट लावलं तर बोटाला तूप लागावं तसा ओशटपणा. डॉक्टरांनी पाण्याची बादली पुढं ओढली आणि तो तुकडा पाण्यात सोडला.

तो तरंगला.

"काळीज बुडतंय पान्यात," आई म्हणाली. "म्या धुतलंय की कैकदा. बुडतंय."

"चांगलं असेल तर बुडतं, मावशी. हे चरबीनं भरलंय."

आईनं वाकून बोटानं तो तुकडा खाली दाबला. तळापर्यंत नेला. बोट काढलं तसा तो वर आला. तिनं पुन्हा दाबला. तो पुन्हा वर आला. मग ती बादलीशेजारी मातीतच बसली.

"म्हंजे ही उपाशी मेली?"

डॉक्टर तरुण होते. वयस्कर माणसानं काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. त्यांना ते जमलं नाही. म्हणाले, "हो. दुष्काळात जनावर स्वतःचं अंग खाऊन जगतं, तसंच हिनं केलं. फक्त हिची गव्हाण भरलेली होती."

आई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बादली उचलली, पाणी उकिरड्यावर ओतलं आणि हात धुवायला गेली. राख लावून लावून ती हात धूत होती. मी चौकटीत उभी होते, आणि माझ्या पोटात एक वाक्य दगडासारखं पडून होतं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं, आल्यागेल्यांना सांगितलेलं होतं म्हणून. घुगऱ्या वाटल्या, पंगत बसली. आई वाढत होती. एकेका पानापुढं थांबून तिनं विचारलं, "किती वाढू?" बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आग्रह नाही, 'खा की' नाही, शपथा नाहीत. एकीनं उगाच "पुरे" म्हटलं तर आई खरंच पुढं गेली. ती बिचारी अर्धपोटी उठली असेल. गायीच्या जाण्यानं बाई सुन्न झाली, असं सगळ्यांनी धरलं. होईल चार दिवसांत सरळ.

ती झाली नाही. माझ्या पुढ्यात ती ताट ठेवायची आणि निघून जायची. मी पुरतं खाल्लं, अर्धं टाकलं, काही विचारायची नाही. गावात कुणीतरी बोललंच, की हिनं गाय खाऊ घालून मारली. ते तिच्या कानावर आलं आणि तिनं ते पदरात घेतलं. मी तीन महिन्यांची मुलगी घेऊन सोलापूरला परत निघाले तेव्हाही ते वाक्य माझ्या पोटातच होतं. एसटीच्या खिडकीशी उभी राहून आई म्हणाली, "जप." पूर्वी ती डब्याची पिशवी खिडकीतून आत कोंबायची. या खेपेला पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "भूक लागली तर हाय."

ती कालवड आईनं वाढवली. तिला दोन वेतं झाली, काही अडचण आली नाही. ती भाकड झाली की आई आंबोण कमी करायची आणि दर बाजाराच्या दिवशी तिच्या कुशीवर हात ठेवून बघायची, डोळे मिटून, बरगडी हाताला लागते का. पुढं गावातल्या बायका आपली जनावरं तिला दाखवायला आणू लागल्या. माझी मुलगी सुट्टीत आजोळी गेली की आई तिच्याही कुशीत हात घालायची आणि पोर गुदगुल्यांनी लोळायची. सगळे हसायचे. मी हसू शकत नसे.

आबा गेल्यावर मी तिला सोलापूरला आणलं. शेवटच्या वर्षी तिचं खाणं कमी होत गेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं भरवत राहा. मी वाटी-चमचा घेऊन तिच्यापुढं बसायची आणि माझ्या तोंडातून अगदी तिच्याच सुरात निघायचं, "खा की गं, आई." ती दोन घास घ्यायची, तोंड फिरवायची. मी पुन्हा चमचा पुढं करायची. एका दुपारी असं चाललेलं असताना मला एकाएकी त्या ताटाची आठवण झाली, परसात नेलेल्या, आणि मी रडायलाच लागले. पस्तीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. लाडू, खीर, तुपातली भाकरी. तू निम्मं केलं होतंस आणि वरचं मी घालत होते. गाय मी मारली, आई, आणि बोल तू खाल्लेस.

ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "मला ठावं हुतं की."

"कधीपासून?"

"तवापासनंच. गव्हानीत डिंकाचं खडं ऱ्हायाचं. गाईला डिंक चावत न्हवता. म्या काडून टाकायची."

"मग बोलली का नाहीस? तिथंच मला धरायचं होतंस."

"आदी वाटलं, खाऊ द्या बापडीला, हावरी झालीया. आन् मागनं तू वली बाळंतीन. बोलले आसते तर दूद आटलं आसतं तुजं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या लाडवांनी काय मेली न्हाय ती. आदी सा म्हैनं म्याच घातलं हुतं."

मी म्हटलं, "मग तू 'खा की' म्हणायचं का सोडलंस? मला वाटायचं, गायीच्या दुःखानं."

आईनं मान माझ्याकडं वळवली. तिचे डोळे आता पांढुरके झाले होते, पण ती बघत होती.

"गाईला बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "तुला येत हुतं. तरी तू नको म्हनली न्हाईस, ताट घिऊन गोठ्यात गेलीस. म्हंजे म्या कसली हुते बग. पोटच्या पोरीला माज्या तोंडावर नको म्हनता आलं न्हाय."

वाटीतला भात गार झाला होता. सवयीनं माझा हात चमच्याकडं गेला.

"नको," आई म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली. त्या दुपारी ती जेवली नाही, आणि मी तिला खा म्हटलं नाही.